निळी पेटी आणि ओसरलेली हौस

मागल्या महिन्यांत आम्हीं ऱ्हस्वदीर्घाविषयीं जें लिहिलें त्यावर बरींच पत्रें आलीं आहेत. त्यांचा परामर्श पुढील खेपेस घेऊं. ह्या महिन्याचा विषय सेवानिवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभावा असा आहे कीं नाहीं, ह्याची आमची आम्हांसच शंका आहे. विलायतेंत ‘डॉक्टर हू’ नांवाची दूरचित्रवाणीवरील एक फार जुनी मालिका आहे. ती आम्हीं तेरा वर्षें मोठ्या हौसेनें पाहिली, आणि आतां ती हौस राहिली नाहीं. “हौस गेली तर पाहूं नये, त्यांत लिहावयाचें काय?” असें आमच्या सौभाग्यवतींचें मत पडलें. त्यांचें मत बहुधा बरोबर असतें. परंतु ही हौस आमची एकट्याची नव्हती, घरांतील दुसऱ्या एका माणसाची तींत अर्धी भागी होती, आणि म्हणून तिच्या जाण्याचा हिशेब कोठें तरी मांडून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

ज्या वाचकांस ही मालिका ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एक प्रवासी आहे. त्याचें खरें नांव कोणास माहीत नाहीं. सर्व त्यास डॉक्टर म्हणतात. त्याच्याजवळ एक निळी पेटी आहे. पूर्वीं लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांस बोलावण्यासाठीं आंत दूरध्वनि ठेवलेल्या ज्या खोल्यावजा पेट्या असत, तशी ती दिसते. बाहेरून कपाटाएवढी, आंतून वाड्याएवढी. तींत बसून वाटेल त्या देशीं व वाटेल त्या काळीं जातां येतें. वास्तविक ही पेटी जेथें जाईल तेथल्या वस्तूंचें रूप घेणारी. पण तें यंत्र लंडनच्या मुक्कामांत बिघडलें तें बिघडलेंच. एखादें यंत्र साठ वर्षें दुरुस्त होत नाहीं, ह्या गोष्टीचें नवल सरकारी कचेऱ्यांतून खेटे घातलेल्या माणसास फारसें वाटणार नाहीं.

पहिला भाग बी. बी. सी. नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं दाखविला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा वध आदल्याच दिवशीं झालेला. सगळें जग त्या बातमींत बुडालेलें. त्यांतून कित्येक ठिकाणीं वीज गेलेली. म्हणून पुढल्या शनिवारीं दुसरा भाग दाखविण्यापूर्वीं पहिला पुन्हा एकवार दाखवावा लागला. मालिकेची निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही त्या वेळीं सत्तावीस वर्षांची, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा चोवीस वर्षांचा तरुण; जन्म लखनौचा. पैसा थोडा, जागा अपुरी, आणि वरिष्ठांचा विश्वास त्याहून अपुरा. अशा स्थितींत हें काम उभें राहिलें.

आम्हांस त्या पहिल्या भागांतील जी गोष्ट भावली ती ही कीं, त्यांत नायक बराच वेळ दिसतच नाहीं. दिसतात तीं दोन शिक्षक माणसें! एक विज्ञान शिकविणारा, दुसरी इतिहास शिकविणारी. त्यांच्या वर्गांत एक मुलगी आहे. तिला कांहीं गोष्टी शिक्षकांहून अधिक येतात, आणि कांहीं अगदीं साध्या गोष्टी मुळींच येत नाहींत. इंग्लंडांत दशमान नाणीं चालतात अशी तिची समजूत आहे. तीं तेथें खरोखर चालूं झालीं १९७१ सालीं. तिच्या काळजीनें दोघेंहि तिच्या घरीं चौकशीस जातात, तों दिलेल्या पत्त्यावर भंगाराचें आवार, आणि त्यांत ती निळी पेटी. आम्हींहि सदतीस वर्षें मास्तरकी केली आहे. विद्यार्थ्याच्या घरीं चौकशीस अनेकदां गेलों. पेटी कोठें सांपडली नाहीं, पण पत्ता खोटा निघाल्याचे प्रसंग आले. आणि त्या खोट्या पत्त्यामागें जें कांहीं असे, तें मालिकेंतल्या परग्रहाहून कमी दूर नसे.

१९६६ सालीं मुख्य नट विल्यम हार्टनेल ह्यांची प्रकृति ढासळली. नट गेला म्हणजे नाटक बंद, हा व्यवहार. परंतु ह्या मंडळींनीं अशी तोड काढली कीं, हा प्रवासी मरणाच्या दारीं आला म्हणजे त्याचा देह पालटतो; चेहरा नवा, स्वभावहि थोडा नवा, आंतील माणूस मात्र तोच. गीतेंतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत ज्या घरांतून मुलांस पाठ असतो, तेथें ही कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं. तेव्हांपासून किती तरी नटांनीं तें वस्त्र घातलें. १९८९ सालीं मालिका बंद पडली. मध्यें १९९६ सालचा एक चित्रपट सोडला तर सोळा वर्षें कांहीं नाहीं. आणि २००५ च्या मार्चांत ती रसेल डेव्हिस ह्या लेखकाच्या हातून पुन्हा सुरू झाली.

आमच्या घरांत ती आली २०१२ सालीं. लेस्टर येथें असणारा आमचा पुतण्या दिवाळीस घरीं आला, त्यानें मुलांसाठीं डीव्हीडीच्या तबकड्यांची एक मोठी पेटी आणली. घरांत मुलें चार. त्यांपैकीं तिघांस तींत गोडी वाटली नाहीं. चौथा आमचा नातू, तेव्हां सात वर्षांचा. त्याला इंग्रजी समजत नसे आणि आम्हांस विलायती उच्चार समजत नसत. खालीं उमटणारीं अक्षरें वाचून आम्हीं त्यास मराठींत अर्थ सांगावयाचा, आणि चित्रांत काय चाललें आहे तें त्यानें आम्हांस सांगावयाचें, अशी वांटणी झाली. रविवारीं संध्याकाळीं शुभंकरोति झाली कीं माजघरांत आम्ही दोघे, मागें भाजी निवडीत सूनबाई, आणि दारांत उभ्या सौभाग्यवती. त्या कधीं बसल्या नाहींत. “ही पोर आईबापांस न सांगतां परक्या माणसाबरोबर निघाली कशी?” हा त्यांचा प्रश्न डॉक्टरच्या प्रत्येक नव्या सोबतिणीच्या वेळीं नव्यानें निघे, आणि त्यास आमच्याजवळ उत्तर नसे.

काय दिवस होते ते! दगडी देवदूतांची एक कथा आहे, २००७ सालची. आपण पाहात आहों तोंवर ते पुतळे निश्चल. पापणी लवली कीं पुढें सरकतात. ती पाहिल्यावर पंधरा दिवस आमचा नातू मारुतीच्या देवळांतील द्वारपालाकडे पाठ करीना. देवळांतून उलट्या पावलीं बाहेर येई. पुजाऱ्यांस ती भक्ति वाटली. दुसऱ्या एका कथेंत डॉक्टर व्हिन्सेंट व्हॅन गॉग ह्या चित्रकारास त्याच्या काळांतून उचलून आजच्या पॅरिसमधील ओर्से संग्रहालयांत आणतो, आणि जन्मभर उपेक्षिलेला तो मनुष्य आपल्या चित्रांपुढें उभी राहिलेली गर्दी पाहातो. त्या दिवशीं सूनबाईंची भाजी तशीच राहिली. आम्हीं नातवास भागवतांतील ककुद्मी राजाची कथा सांगितली. तो आपल्या रेवतीस वर शोधण्यासाठीं ब्रह्मलोकीं गेला, गाणें संपेपर्यंत घटकाभर थांबला, आणि इकडे सत्तावीस चतुर्युगें उलटून गेलीं. “म्हणजे त्यांच्याकडे पण पेटी होती?” असें त्यानें विचारलें. पेटीचा उल्लेख भागवतांत नाहीं, असें आम्हांस कबूल करावें लागलें.

२०१३ च्या ऑक्टोबरांत बातमी आली कीं, नायजेरियांतील जोस गांवच्या प्रक्षेपण केंद्रांत ह्या मालिकेचे हरवलेले नऊ भाग सांपडले. त्या काळच्या फिती बी. बी. सी. नेंच पुसून अथवा मोडींत काढून टाकल्या होत्या. अद्यापहि नव्वदांहून अधिक भागांचा पत्ता नाहीं. ती बातमी आम्हीं शाळेंत शिक्षकांच्या खोलींत मोठ्यानें वाचली. आमच्या सहकाऱ्यांस आम्हांला वेड लागल्याचा संशय आला असावा. पुढल्याच महिन्यांत मालिकेस पन्नास वर्षें पुरीं झालीं आणि तो विशेष भाग चौऱ्याण्णव देशांत एकाच वेळीं दाखविला गेला. उत्साह म्हणतात तो हा.

आतां मुद्द्याकडे वळतों. हौस नेमकी कधीं ओसरूं लागली, हें बहुधा सांगतां येत नाहीं. आम्हांस मात्र जवळजवळ आठवडा सांगतां येतो.

२०१५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस एक भाग झाला. त्यांत पीटर कॅपाल्डी हा नट जवळजवळ एकटाच आहे. त्याची सोबतीण क्लारा मागल्याच भागांत मेली आहे, आणि तो स्वतः समुद्रांतल्या एका निर्जन किल्ल्यांत कोंडला गेला आहे. बाहेर पडण्याच्या वाटेवर वीस फूट जाडीची, हिऱ्याहून कितीतरी कठीण अशी भिंत. तो तीवर मुठीनें कांहीं ठोसे मारतो, पाठीवरचा यमदूत त्यास गांठून मारतो, किल्ल्यांतील यंत्रांतून तो पूर्वीं होता तसा पुन्हा निर्माण होतो, मागचें कांहींच आठवत नाहीं, पुन्हा शोधीत शोधीत त्याच भिंतीशीं येतो, पुन्हा ठोसे. असें साडेचार अब्ज वर्षें! ठोसे मारतां मारतां तो ग्रिम बंधूंच्या संग्रहांतील एक गोष्ट सांगतो: हिऱ्याचा डोंगर, शंभर वर्षांतून एकदां येऊन त्यावर चोंच घासणारा पक्षी, आणि त्या घासण्यानें अखेर झिजून जाणारा तो डोंगर.

आम्ही जागचे उठलों. ही कल्पना आमच्या घरची आहे! पाली संयुत्तनिकायांत भगवान् बुद्ध कल्पाची लांबी सांगतांना म्हणतात कीं, योजनभर लांब, रुंद व उंच असा अखंड पर्वत घ्यावा, शंभर वर्षांतून एकदां त्यास काशीच्या तलम वस्त्रानें पुसावें; पर्वत झिजून जाईल, पण कल्प संपणार नाहीं. आणि पुराणांच्या गणिताप्रमाणें ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, चार अब्ज बत्तीस कोटि मानवी वर्षांचा. साडेचार अब्ज! लेखकास हें ठाऊक होतें कीं नव्हतें, कोण जाणे. त्या रात्रीं नातू व आम्ही ओटीवर अकरा वाजेपर्यंत कागदावर शून्यें मांडीत बसलों होतों. शोकाचें असें चित्र आम्हीं दूरचित्रवाणीवर दुसरें पाहिलें नाहीं. माणूस गेलें म्हणजे मागें राहाणारा दुसरें काय करतो? रोज उठतो, रोज त्याच भिंतीशीं येतो.

आणि पुढल्या आठवड्यांत, ५ डिसेंबरच्या भागांत, क्लारा परत आली.

मरणाच्या अखेरच्या क्षणांतून तिला उचलून काढलें. नाडी थांबलेली, पण ती चालते, बोलते, आणि अखेरीस दुसऱ्या एका पेटींत बसून आकाशांत निघून जाते. तिला केव्हां तरी त्या क्षणाकडे परत जावें लागेल असें म्हणतात; पण तें केव्हां तरी. नातू आनंदानें नाचला. त्याचें वय दहा. आम्हीहि हांसलों. परंतु झोंप येईना. ज्या मरणासाठीं त्या माणसानें साडेचार अब्ज वर्षें भिंत फोडली, आणि ज्यासाठीं आमचे डोळे ओले झाले, तें मरण आम्हांस परत मागून घेतल्यासारखें वाटलें. उसनें दिलेलें ताट शेजारीण जेवण अर्धवट असतां उचलून नेते, तसें. त्यानंतर मालिकेंत कोणी मेलें कीं आम्ही रडण्याची घाई करीनासे झालों. पाहूं या, म्हणत असूं. चार आठवडे जाऊं द्या.

तरी एक भाग ह्याला अपवाद म्हणून सांगितलाच पाहिजे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं विनय पटेल ह्या लेखकानें लिहिलेली, १९४७ च्या ऑगस्टांतील पंजाबची कथा दाखविली गेली. डॉक्टरची सोबतीण यास्मिन हिची आजी उंब्रीन शेफील्ड येथें राहाते. तिच्याजवळ एक बंद पडलेलें घड्याळ आहे. त्याचा शोध घेण्यास पेटी फाळणीच्या दिवसांत जाते, तों कळतें कीं मुसलमान उंब्रीनचें पहिलें लग्न प्रेम नांवाच्या हिंदु शेतकऱ्याशीं झालें होतें. नव्या सीमेची रेघ त्यांच्याच शेतांतून गेलेली. प्रेमचा सख्खा भाऊ झुंडीस जाऊन मिळतो. डॉक्टरला तें मरण टाळतां येत नाहीं, कारण तें टळलें तर यास्मिन जन्मासच येणार नाहीं. परग्रहावरचे जे भयंकर प्राणी तेथें दिसतात ते मारणारे नव्हेत. ज्यांच्या मरणाशीं कोणीच नाहीं त्यांच्याजवळ उभें राहाण्यासाठीं ते आलेले आहेत. चित्रण स्पेनमध्यें झालें आहे आणि डोंगर पंजाबचे वाटत नाहींत. तें असो. आमच्या शाळेंतले एक जुने सहकारी सिंधमधून आलेल्या कुटुंबांतले आहेत. त्यांना आम्हीं मुद्दाम बोलावलें. त्यांनीं सबंध भाग पाहिला, चहा घेतला, वडिलांच्या दुकानाची किल्ली अजून आपल्या कपाटांत आहे असें एकच वाक्य बोलले, आणि गेले. बारा वर्षें आम्ही एका खोलींत बसत होतों. किल्लीची गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. त्या दिवशीं आम्हीं नातवास सांगितलें, “मालिका अजून जिवंत आहे.”

पण जिवंत आहे असें सांगण्याची पाळी यावी, ह्यांतच बरेंच आलें.

दोष कोणाचा? आम्हीं पुष्कळ विचार केला. लिहिणारे आळशी झाले, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ते फारच भाविक झाले, असें आमचें मत आहे. १९६३ सालीं जीं माणसें हें काम करीत होतीं त्यांच्या बालपणाच्या आठवणींत डॉक्टर नव्हता. त्यांना कशाचें रक्षण करावयाचें नव्हतें. पुढला शनिवार निभवावयाचा होता. पुढें ज्यांच्या हातीं मालिका गेली ते तिच्यावरच वाढलेले. कॅपाल्डी पंधरा वर्षांचा असतां त्याचें ह्या मालिकेविषयींचें पत्र ‘रेडिओ टाइम्स’ मध्यें छापून आलें होतें. ख्रिस चिबनल ह्यांची गोष्ट तर मोठी मौजेची. १९८६ सालीं, किशोरवयांत, त्यांनीं बी. बी. सी. च्याच एका कार्यक्रमांत त्या वर्षींच्या कथेवर टीका केली; आणि बत्तीस वर्षांनीं, २०१८ पासून २०२२ पर्यंत, मालिकेचें सूत्र त्यांच्याच हातीं आलें. वर्गांतला जो मुलगा मास्तरांच्या चुका काढतो त्यास त्याच वर्गावर मास्तर नेमावें, तसें झालें.

आम्हीं लहानपणीं पाठशाळेंत कौमुदी घोकली आहे. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार. त्यांवर पतंजलीचें महाभाष्य. भाष्यावर कैयटाचा प्रदीप. प्रदीपावर नागेशाचा उद्द्योत. एकाहून एक थोर ग्रंथ, ह्यांत शंका नाहीं. परंतु आमच्या गुरुजींजवळ एक अतिशय बुद्धिमान विद्यार्थी होता. उद्द्योताच्या पंक्ति त्यास मुखोद्गत, पण दारीं पाहुणा आला तर ‘बसा, पाणी घ्या’ एवढें संस्कृतांत त्याच्यानें बोलवत नसे. ह्या मालिकेचें तेंच झालें. सूत्र साधें होतें: दार उघडा, बाहेर काय आहे पाहा. हळूहळू बाहेर काय आहे तें राहिलें बाजूस, आणि डॉक्टर कोण, त्याचें नांव काय, १९७५ सालीं त्यास कोण भेटलें होतें, ह्यांवर भाष्य सुरू झालें. मूळचा तो एक चिडखोर, पळून आलेला, चोरलेल्या पेटींत बसून भटकणारा म्हातारा होता. मग त्याच्या नुसत्या नांवानें सैन्यें पळूं लागलीं. १ मार्च २०२० च्या भागांत तर असें सांगण्यांत आलें कीं, हार्टनेलच्या आधींहि त्याचे अनेक देह होऊन गेले. तो दुसऱ्या विश्वांतून आलेलें एक अनाथ मूल, आणि त्याच्या सबंध जातीस देह पालटण्याची शक्ति मिळाली ती त्याच्यापासून. गांवच्या शिवेवरील साध्या म्हसोबास कोणी माहात्म्य लिहून तेहतीस कोटींचा आदिपुरुष ठरवावें, तसा हा प्रकार. म्हसोबाची प्रतिष्ठा वाढली असेल. पण शिवेवरून जातांना त्यास सहज हात जोडणारा जो वाटसरू, त्याला तो आतां आपला वाटेना.

२०२३ पासून रसेल डेव्हिस पुन्हा आले, अमेरिकेंतील डिस्नेचा पैसा आला, आणि न्कूटी गाटवा हा उमदा नट आला. आम्हीं पुन्हा उत्साह धरला. परंतु २०२४ च्या जूनमध्यें १९७५ चा सुतेख परत आला. त्यानें विश्वांतील यच्चयावत् प्राण्यांची राख केली, आणि भाग संपण्यापूर्वीं ते सर्व उठून बसले. नातू त्या वेळीं एकोणीस वर्षांचा. तो मोबाईलकडे पाहात होता. आम्हीं तें पाहिलें आणि पाहिलें नाहीं असें केलें.

आतां खऱ्या हिशेबाकडे येतों. आमचा नातू तीन वर्षें पुण्यास वसतिगृहांत राहून शिकत आहे. तो गेल्यापासून आमचा क्रम असा: नवे भाग सुरू असले म्हणजे रविवारीं सातास तो तिकडे लावी, आम्ही इकडे लावूं, आणि फोन मधोमध उघडा. नवें नसेल तेव्हां जुना एखादा भाग. एकदांहि चुकलें नाहीं. आम्हीं त्यासाठीं राममंदिरांतील रविवारचें कीर्तन सोडलें, आणि त्याबद्दल आमच्या वर्गबंधूंचे टोमणे ऐकले.

३१ मे २०२५ रोजीं त्या हंगामाचा शेवटचा भाग झाला. सुट्टी असल्यामुळें तो घरींच होता. रविवारीं संध्याकाळीं आम्हीं पुन्हा माजघरांत एकत्र बसून तो पाहिला. त्यांत १९८५ ची राणी होती (हें तिचें नांव, आपल्याकडील शब्दच तो), १९७२ चा ओमेगा होता, आणि शेवटीं गाटवाचा देह पालटून समोर आली बिली पायपर, म्हणजे २००५ सालची पहिली सोबतीण रोझ जिनें केली तीच नटी. सगळें घरच्या घरीं! २०१३ सालीं हें पाहून त्या पोरानें घर डोक्यावर घेतलें असतें. आतां तो आमच्याकडे पाहात होता, आणि आम्ही त्याच्याकडे.

“आजोबा, एक विचारूं? रागावणार नाहीं ना?”

“विचार कीं.”

“तुम्हांला हें अजून खरंच आवडतं का हो?”

सदतीस वर्षें आम्हीं मुलांस खरें बोलावयास शिकविलें. आम्हीं एवढेंच म्हटलें, “तुला आवडतं म्हणून बसतों.”

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “मी तुमच्यासाठीं बसतों. दोन वर्षं झालीं. रविवारीं सगळे टेकडीवर जातात. मी सांगतों, मला आजोबांचा फोन आहे.”

आम्ही दोघेहि हांसलों, पण तें हांसणें फार टिकलें नाहीं. दोन वर्षें आम्ही एकमेकांस फसवीत होतों, आणि तेंहि एकमेकांच्या सुखासाठीं. आमचें कीर्तन गेलें, त्याची टेकडी गेली. एकादशीस सगळ्या घरानें एकमेकांच्या भयानें उपास धरावा, आणि प्रत्येकाच्या मनांत भाकरी असावी, तशी ही गति. दारांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “मग आतां रविवारीं काय बोलणार दोघे?” त्या नेहमींप्रमाणें उभ्याच होत्या.

प्रश्न चेष्टेनें विचारला असेल; आम्हांस तो लागला. कारण त्यास उत्तर नव्हतें. आमच्या मुलाशीं, म्हणजे त्याच्या बापाशीं, आम्ही विजेचें बिल आणि घरपट्टी ह्यांपलीकडे फारसें कधीं बोललों नाहीं; त्या पिढीशीं बोलण्याची आम्हांस रीत ठाऊक नव्हती. नातवाशीं जें बोललों तें सगळें त्या पेटीच्या आडून. ककुद्मी काय, कल्प काय, ती सहकाऱ्याची किल्ली काय, सारें तिच्या दारांतून आंत आलें. दार लावलें म्हणजे आंत काय उरलें?

तो पुण्यास परत गेला. पहिल्या रविवारीं आम्ही कीर्तनास गेलों. बुवांचा आवाज बसला होता आणि चित्त आमचेंहि लागेना. दुसऱ्या रविवारीं पाऊस. सात वाजले, सव्वासात वाजले, फोन टेबलावर. आपण होऊन करावा, तर पोर टेकडीवर असेल. न करावा, तर ह्या वयांत ताठा कसला? तिसऱ्या रविवारींहि तेंच. त्या तीन रविवारांत आम्हीं हार्टनेलचा पहिला भाग एकट्यानें लावून पाहिला. काळापांढरा, धुरकट; एके ठिकाणीं छायायंत्र हललेलेंहि दिसतें. तीं दोन शिक्षक माणसें मोटारींत बसून भंगाराच्या आवाराकडे पाहात आहेत आणि आंत जावें कीं न जावें ह्याचा खल करीत आहेत. तेवढा भाग आम्हांस अद्यापहि आवडतो.

चौथ्या रविवारीं साडेआठास फोन वाजला. मागें वाऱ्याचा आणि मुलांचा आवाज.

“आजोबा, टेकडीवरून बोलतोंय. इथं एक वाद चाललाय. तुम्ही पहिल्यांदा वर्गावर गेलांत तेव्हां किती वर्षांचे होतां?”

“एकवीस. साल १९७८. कां रे?”

“माझ्याच वयाचे! मग घाबरला नाहींत?”

आम्हीं सांगूं लागलों. नदीपलीकडील ती एकशिक्षकी शाळा, गळकें छप्पर, पहिल्या दिवशीं आलेलीं सात मुलें, आणि होडी चुकल्यामुळें शाळेंतच काढलेली ती पहिली रात्र. तो मधून मधून “मग?” एवढेंच म्हणे. बोलणें संपलें तेव्हां दहा वाजून गेले होते, आणि अद्याप पहिलाच दिवस सांगून झाला होता. पुढल्या रविवारीं दुसरा.

तबकड्यांची पेटी सूनबाईंनीं माळ्यावर टाकली आहे. बिली पायपरचें पुढें काय होणार, हें आम्हांस ठाऊक नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबरांत डिस्नेनें अंग काढून घेतल्याचें जाहीर झालें, आणि २०२६ च्या नाताळांत डेव्हिस ह्यांचा एक भाग येईल असें त्याच वेळीं सांगण्यांत आलें. तो पाहावा कीं न पाहावा ह्यावर नातवाशीं एकदां बोलणें निघालें होतें. पण मध्येंच होडीची गोष्ट निघाली आणि तें राहून गेलें. पाहावयाचें ठरलेंच तर आधीं पेटी खालीं काढून मागचे दोन-चार भाग उजळावे लागतील. त्यासाठीं शिडी लागते, आणि आमची शिडी शेजाऱ्यांनीं गणपतींत नेली ती अजून परत दिली नाहीं.